स्वखुशीचा राजीनामा

"अप्पा, सांगा ना! तुम्हांला काढलं म्हणून सांगा त्यांना!" चंदनाचा आवाज इतका चढला, की कामगार विमा कार्यालयातल्या बाकांवर बसलेली माणसं मान वळवून पाहू लागली, आणि हणमंतरावांना वाटलं, या क्षणी धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं...

समोरचे नागराज साहेब भले गृहस्थ होते. नोकरी गेलेल्या विमेदाराला काही काळ थोडा भत्ता मिळतो. त्यासाठीचा हणमंतरावांचा अर्ज त्यांच्यापाशी येऊन अडला होता. माणूस स्वखुशीनं सोडून गेला, असं कंपनीनं कळवलं होतं. आणि स्वखुशीनं सोडणाऱ्याला भत्ता नाही!

"हणमंतराव अवरे," साहेब कानडीत, नावाला आदराचं 'अवरे' जोडून, समजुतीनं म्हणाले, "राजीनामा जबरदस्तीनं घेतला असेल, तर तसं सांगा. कुणी घेतला त्याचं नाव द्या. मी चौकशी लावतो."

नाव! ते तर ओठांवर होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या कंपनीच्या गोदामात हणमंतरावांची उमेदीची वर्षं सरली होती; आणि कपातीची कुऱ्हाड पडली तेव्हा ऑफिसातल्या रघुजींनीच त्यांना बाजूला घेतलं होतं. रघुजी म्हणजे चंदनाच्या होणाऱ्या नवऱ्याचे, प्रणीतचे, सख्खे काका. "आमचे दादा फार मानी. काढून टाकलेल्याच्या घरची सोयरीक म्हटली की मोडतील. त्यापेक्षा तुम्हीच राजीनामा लिहा. डोक्याला म्हैसुरी पेटा बांधू, शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू. चारचौघांत मान राहील." यात भरपाई वाचून कंपनीचीच सोय होती, हे त्या भोळ्या जिवाच्या ध्यानातही आलं नाही. बनशंकरी भागात आजोबांपासून अब्रूला जपत आलेलं घराणं... त्यांनी लिहून दिलं!

कपात झाली, शाल मिळाली, एवढंच चंदनाला ठाऊक होतं; रघुजींचं बोलणं नव्हे. अलीकडे प्रणीतशी बोलून आली, की ती गुणगुणत भाजी चिरायला बसायची. त्या गुणगुणण्यावरून हणमंतराव काय वाटेल ते ओवाळून टाकायला तयार होते! आज रघुजींचं नाव घेतलं, की लग्न मोडलंच.

"कुणी जबरदस्ती केली नाही, साहेब," ते खालच्या मानेनं म्हणाले. "मीच लिहिलं. स्वखुशीनं."

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं, मग तसा जबाब छापून पुढं सरकवला. हणमंतरावांनी सही केली. अर्ज तिथंच संपला.

बाहेर पायऱ्यांवर येताच चंदनाचा बांध फुटला. "एका शालीसाठी खोटं बोललात! आईचं औषध कुठून आणायचं, भाडं कसं भरायचं, काही नाही! तुम्हांला तुमचा तो फोटो प्यारा!"

 बोलू दे... मनातल्या मनात हणमंतराव म्हणत होते, आपल्याला स्वार्थी समजून का होईना, पोर सुखानं सासरी जाऊ दे!

पण तिथंच वाट पाहत बसलेल्या, सारं जाणून गप्प राहिलेल्या त्यांच्या पत्नीला, कौशल्याबाईंना, ते सोसवेना. "पुरे गं पुरे! कुणाला बोलतेयस तू? अगं, राजीनामा लिहून घेणारे तुझे चुलतसासरे आहेत! तुझं लग्न मोडेल म्हणाले ते... म्हणून यांनी दगड ठेवला काळजावर!"

"कौशल्या, बेडा!" हणमंतराव ओरडले. नको, नको म्हणता म्हणता सगळं सांगून झालं होतं.

चंदनाचा चेहरा पांढराफटक पडला. ती धावत आत गेली. आणि थोड्या वेळानं पाय ओढत परत आली.

"वडिलांच्या सहीचा जबाब झालाय, आता मुलीनं सांगून चालत नाही, म्हणाले साहेब..." एवढंच ती म्हणाली आणि वडिलांच्या पायांशी मटकन बसली. "मी काय काय बोलले तुम्हांला, अप्पा! आणि तुम्ही... एकदा, फक्त एकदा मला विचारायचं होतं!"

"विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस, बाळा..." हणमंतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणून तर नाही विचारलं."

तिनं डोळे पुसले. पण ते पुन्हा भरून आले. प्रणीत तिला मनापासून आवडला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तरी आई-अप्पा दोघांनाही माहीत होतं.

"मग आता सांगते," ती कशीबशी म्हणाली. "नाही. त्या घरी मी नाही जाणार."

आणि वडिलांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून ती हमसाहमशी रडू लागली.