चालेल, अर्धाच

श्रुतिका डबा उघडणार, एवढ्यात दिंडोशीहून फोन आला. लिफ्टला ब्रेक बसवताना आतली स्प्रिंग तुटली. धाकूचा हात आत होता.

धाकू म्हणजे कंपनीचा जुना फिटर. उजव्या हाताची बोटं गेली.

साकीनाक्याला या कंपनीचा लिफ्टचे ब्रेक बनवायचा कारखाना. संध्याकाळी कळलं, की स्टोअरमधल्या अर्ध्या स्प्रिंगा नेहमीच्या सप्लायरच्या आणि अर्ध्या एका नव्याच्या. तुटलेली त्या नव्याची. आणि हा नवा म्हणजे तोच, ज्याला खरेदी बघणाऱ्या नीलाताई कायम नाही म्हणत आल्या होत्या. त्याचं सॅम्पल दाबलं की परत उठायचंच नाही.

मग ऑर्डर मंजूर कुणी केली? नीलाताईंनीच.

पुरावा एकदम पक्का, यार. खरेदीसाठी कंपनीने एआय आणलं होतं. ताईंच्या टेबलावर टॅब. त्यावर प्रश्न लिहून येणार, ताईंनी तोंडी हो म्हटलं की पुढचं सगळं तेच बघणार: ऑर्डर, गाडी, थेट असेम्ब्लीला माल. ते फक्त ताईंचा आवाज ओळखायचं, बाकी कुणी बोललं तर गाळून टाकायचं. मालक मधुकर साहेबांनी सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग लावलं. स्क्रीनवर प्रश्न होता, "नवीन सप्लायरला ऑर्डर देऊ का?"

आणि ताईंचा आवाज, "चालेल. अर्धाच."

म्हणून मशीनने ऑर्डर दोघांत वाटली. साहेब म्हणाले, उद्या सकाळी राजीनामा द्या, नाहीतर पोलिसांना तुमचं नाव सांगावं लागेल.

"बरं," नीलाताई म्हणाल्या. बस, एवढंच.

श्रुतिका खरेदीचं काम त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती केबिनमध्ये घुसली.

"ताई, आठवतंय का काही?"

"नाही गं. दिवसभर किती वेळा चालेल म्हणते मी."

"पण समोर प्रश्न दिसला असेल ना?"

"त्याच्याकडे कोण बघतंय? कानाला कायम फोन."

"तुम्ही एकदा नाही म्हटलेला प्रश्न परत कोण उघडू शकतं?"

"कुणीही. बोट लावलं की झालं." ताई भिंतीकडे बघत होत्या. "धाकूची जेवायची वेळ झाली असेल. भरवेल ना कुणीतरी?"

रात्री घाटकोपरला घरी श्रुतिका जेवायला बसली. आईने विचारलं, अजून एक पोळी वाढू?

"अर्धीच," श्रुतिका म्हणाली. आणि तिचा हात ताटावरच थांबला.

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये ताई कागद घेऊन बसलेल्या. शेजारी प्रीतम, ज्याने हे एआय कंपनीत आणलं तो.

"सही नंतर करा ताई," श्रुतिका म्हणाली. "प्रीतम, ती ऑर्डर गेली त्या दिवशी तू ताईंच्या केबिनमध्ये होतास?"

"पाय पण ठेवला नव्हता. फ्लोअरवर होतो."

"नवा सप्लायर कुणी सुचवला?"

"मशीनने. स्वस्त, वेळेत देणारा. ताईच अडवून बसल्या होत्या."

श्रुतिका साहेबांकडे वळली. "साहेब, ऑर्डर 'ती' असते. तिच्याबद्दल बोलायचं असतं तर ताई 'अर्धीच' म्हणाल्या असत्या. त्या 'अर्धाच' म्हणाल्या."

"अर्धा माल म्हणायचं असेल."

"प्रश्न ऑर्डरचा होता, मालाचा नाही. खरं तर ताईंनी तो वाचलाच नाही. समोरचा माणूस काहीतरी वेगळंच विचारत होता, त्याला त्या चालेल म्हणाल्या. त्याचा आवाज मशीनने गाळला, ताईंचा ठेवला."

"काय विचारत होता? वडापाव?" साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले. कुणी हसलं नाही.

"काहीही काय," प्रीतम उसळला. "चहा विचारणं काय गुन्हा आहे?"

श्रुतिका त्याच्याकडे वळली.

"चहाचं नाव मी काढलंच नव्हतं, प्रीतम."



मग तिने उरलेलं सांगितलं. प्रीतमने साहेबांना शब्द दिला होता, की एआय आलं की खरेदीला माणूस लागणार नाही. पण ताईंच्या प्रत्येक नकारात त्याचं मशीन चुकीचं ठरत होतं. ताई फोनवर असताना त्याने टॅबवर तो जुना प्रश्न उघडला आणि हळूच विचारलं, ताई, चहा घेणार? आपला आवाज कुठे उरणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? फक्त ताई अर्धा चहा पितात, हे त्याच्या हिशोबात नव्हतं. आणि मशीनला तो-ती कळत नाही.

"मला वाटलं, चालून जाईल," प्रीतम खाली बघत म्हणाला.

साहेबांनी राजीनामा फाडला आणि पोलिसांना फोन लावला. नीलाताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी पर्स उचलली. धाकूकडे जायचं होतं.

"ताई, आधी चहा सांगू?" श्रुतिकाने विचारलं.

ताईंचे ओठ उघडले. त्यांनी काचेपलीकडे आपल्या टेबलावरच्या टॅबकडे पाहिलं.

मग नुसती मान डोलावली.