मागच्या खोलीची लाइन

दिवे येईपर्यंत ते मोबाइल बाजूला ठेवा पाहू. भुताची गोष्ट हवी म्हणता आणि तोंडावर निळा उजेड पाडून बसता. तुम्हाला बघूनच भूत माघारी जायचं.

हं. आता ऐका. निम्मी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे, निम्मी ज्याच्यावर बेतली त्याने स्वतः माझ्या दुकानात स्टुलावर बसून सांगितली. मी दुकान विकलं त्याच्या आदल्या वर्षीची. पाईप, नळ, खिळे, रंग विकण्यात माझी पस्तीस वर्षं गेली, त्यामुळे गावातल्या कुणाच्या घरात पाणी कुठून कुठे जातं हे मला पाठ असायचं.

आमच्या दुकानासमोर एक चष्मेवाला होता. म्हणजे चष्म्याचं दुकान. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. एका सोमवारी तो प्लंबरने लिहून दिलेली यादी घेऊन आला. घरातली सगळी पाण्याची लाइन बदलायची होती. जुने लोखंडी पाईप आतून गंजून इतके बुजले होते की पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. सकाळी नळ सोडला की आधी लाल पाणी. प्लंबर माझ्याच ओळखीचा. तोंडाचा तिखट, पण कामाला चोख. त्याने समजावलं होतं की वरच्या टाकीपासून नवीन प्लास्टिकचे पाईप टाकायचे, भिंतींना खाचा पाडायच्या, फरशी उखडायची, दाब देऊन रात्रभर तपासायचं, मग गिलावा. आठ दिवस घरात धूळ. खर्च एक लाख चाळीस हजार.

त्यातले सव्वीस हजार एकट्या मागच्या खोलीचे.

मागची खोली अंगणापलीकडे. तिथे त्याचे काका राहायचे. चष्मेवाल्याचे वडील तो चार वर्षांचा असतानाच गेले. या काकांनी लग्न केलं नाही, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून त्याला वाढवलं, शिकवलं, दुकान काढून दिलं. घरही काकांनीच बांधलेलं. त्याचं लग्न झालं तेव्हा म्हणाले, “तुम्ही पुढे राहा, मला मागे बरं, खोकलो तरी कुणाची झोप मोडत नाही.”

खोलीत पाणी न्यायचं तर अंगणाची फरशी फोडावी लागणार. ती दोनच वर्षांपूर्वी घातलेली. चष्मेवाल्याच्या जिवावर आलं.

चौथ्या दिवशी हातगाडीवरून चाळीस फूट पाईप माझ्याकडे परत आले. मी विचारलं, “हे काय? मागच्या खोलीची लाइन?”

तो म्हणाला, “काकांनाच नकोय. म्हणतात, तोडफोड नको, धुळीने खोकला वाढतो.”

मी पाईप मोजून घेतले. पैसे परत दिले. एक शब्द बोललो नाही.

का सांगतो? आदल्याच आठवड्यात काका दुकानात आले होते. काउंटरला टेकून उभे राहिले, धाप लागली होती. मला विचारलं, “अहो, मागची लाइन एका दिवसात होईल का? आणि ते लाल पाणी जाईल ना हो? माझा सदरा पांढरा राहतच नाही.” मी म्हटलं, जाईल. तर असे हसले, की जणू मी पदरचं काही दिलं.

म्हणजे मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प बसलो.

वाचलेल्या पैशांतून पुढच्या बाथरूमला निळ्या टाइल्स लागल्या. काचेचं दार बसलं. तेही मीच विकलं.

आणि मागची जुनी लाइन? ती प्लंबरने अंगणाच्या कडेला कापून बूच मारलं. म्हणजे काकांच्या खोलीत जे लाल, बारीक पाणी यायचं, तेही बंद.

“मग ते पाणी कुठून आणायचे?” हेच विचारणार ना तू? स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक नळ होता, तिथून. पत्र्याच्या बादलीत. अर्धीच भरायचे. कधी, माहीत आहे? पहाटे तीन-सव्वातीनला. दिवसा शेजारपाजारच्या गच्च्यांवरून सगळं दिसतं. म्हाताऱ्याला बादली ओढताना बघून लोक पुतण्याला नावं ठेवतील, म्हणून.

चष्मेवाल्याला ते ऐकू यायचं. त्याची झोपायची खोली अंगणाला लागून. बादली भरल्याचा आवाज. मग पावलं. मग पायरीपाशी टेकवायचे… ठक. अंगणाच्या मध्ये… ठक. आपल्या उंबऱ्याशी… ठक. तीन थांबे. तो जागाच असायचा. मला म्हणाला, “मी पांघरूण डोक्यावर घ्यायचो. रोज ठरवायचो, पुढच्या महिन्यात लाइन टाकू.”

असे दहा महिने गेले.

डिसेंबरात काकांच्या छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. बघायला आत्या आली, म्हणजे काकांची धाकटी बहीण. ती आधी घरी सामान टाकून आली होती, तिने मागची खोली पाहिली होती. खाटेपाशी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली, “काय रे, घरभर नवे नळ आणि दादाच्या खोलीत थेंब नाही?”

चष्मेवाला म्हणाला, “आत्या, काकांनाच नको होतं. विचार त्यांना.”

काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. हो.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

हे सांगताना चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून माझ्या दुकानातले स्क्रू या डब्यातून त्या डब्यात टाकत होता. मी त्याला टाकू दिले.

खोली त्याने आवरली. बादली कोपऱ्यात पालथी घातली. कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे.

काकांना जाऊन सतरा दिवस झाले होते. अकरा जानेवारी, मंगळवार. पहाटेचे तीन वाजून वीस मिनिटं. त्याने मोबाइलवर पाहिलं म्हणून नेमकं सांगतो.

जाग कशाने आली कळेना. घर शांत. बायको शेजारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

आणि अंगणात…

ठक.

त्याला वाटलं, मांजर.

ठक.

हा मधला. अंगणातला.

तो उठून बसला. तिसरा येऊ नये म्हणून श्वास धरून बसला.

…ठक.

मग मागच्या खोलीतून आवाज आला. आधी हवेचा. जुना नळ बऱ्याच दिवसांनी सोडला की येतो ना, तसा. फस्स… फस्स… मग पाणी. बादलीच्या पत्र्यावर पडणारं पाणी.

तो किल्ली घेऊन अंगणात गेला. मोबाइलचा टॉर्च दारावर मारला. दाराला कुलूप होतं. आत नळ चालू होता. त्याने किल्ली फिरवली, तसं पाणी थांबलं.

दार ढकललं.

खोली रिकामी. बादली कोपऱ्यात नव्हती. नळाखाली होती, सरळ. काठोकाठ भरलेली.

पाणी लाल होतं.

सकाळी त्याने प्लंबरला बोलावलं. काय झालं ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, मागच्या जुन्या लाइनला पाणी येतंय का बघ. प्लंबरने अंगणाची कड उकरली. बूच जागेवर. ते काढून पाईपात बोट घातलं, तर बाहेर आलं कोळ्याचं जाळं. “साहेब, हा पाईप वर्षभर कोरडा आहे. यातून पाणी आलं तर मी धंदा सोडतो.” ही साक्ष मला प्लंबरनेही दिली, वेगळी, मी न विचारता.

दुसरी रात्र. तीन वीस. ठक… ठक… ठक. फस्स.

या वेळी तो उठला नाही. पांघरूण डोक्यावर घेतलं. अंधारात बायकोचा आवाज आला.

“असंच घ्यायचात तेव्हाही.”

“तू… जागी आहेस?”

“तेव्हाही असायचे.”

“मग बोलली का नाहीस?”

पलीकडे पाणी पडत होतं. ती म्हणाली, “निळ्या टाइल्स मलाच हव्या होत्या.”

तिसऱ्या रात्री तो झोपलाच नाही. तीनलाच अंगणात जाऊन उभा राहिला, उघडाबोडका, त्या थंडीत. तीन वीसला त्याच्या पाठीमागे, पायरीपाशी…

ठक.

त्याने वळून पाहिलं नाही.

ठक.

हा अगदी शेजारी. त्याला साबणाचा वास आला. काकांचा, कपडे धुवायचा.

ठक. पुढे. उंबऱ्याशी.

आत पाणी सुरू झालं. तो दाराला कपाळ टेकून उभा राहिला. मग म्हणाला…

“काका. मलाच नको होतं. तुम्हाला नाही. मला… पैसे वाचवायचे होते. आणि दवाखान्यात मी…”

त्याने कुलपावर हात ठेवला.

“…मी तुम्हाला मान हलवायला लावली.”

पाणी थांबलं. मधूनच तोडावं तसं.

पावलं नाहीत. बादली उचलल्याचा आवाज नाही. काही नाही. तो उजाडेपर्यंत तिथेच बसून होता.

सकाळी त्याने आत्याला फोन करून खरं ते सांगितलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग तो माझ्याकडे आला. चाळीस फूट पाईप मागितला. तेव्हाच स्टुलावर बसून हे सगळं बोलला. त्याचं झाल्यावर मलाही राहवेना. म्हटलं, “काका आले होते माझ्याकडे. लाल पाणी जाईल का विचारत होते. तू खोटं बोलतोयस हे मला तेव्हाच कळलं होतं.”

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. रागावला नाही. नुसतं विचारलं, “मग तुम्ही तरी का नाही बोललात?”

पाईपाचे पैसे मी घेतले नाहीत. तेवढंच सुचलं. त्याची अजून लाज वाटते.

अंगण फोडलं. दोन दिवसांत लाइन पडली, जुना नळ काढून खोलीत नवा पितळी नळ बसला. पाणी सोडायचं नव्हतं, कारण जोडाचा चिकट रस रात्रभर वाळावा लागतो. प्लंबरने टाकीवरची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद ठेवली आणि खोलीतला नळ मुद्दाम पूर्ण उघडा ठेवला, सकाळी पहिलं पाणी आलं की आतली माती वाहून जाईल म्हणून. उघडताना मी शेजारीच होतो. हलका फिरत होता, नव्या नळासारखा. चष्मेवाल्याने कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात.

त्या रात्री तीन वीसला काही वाजलं नाही. नवराबायको दोघं जागी होती. काही नाही. त्याला वाटलं… वाटणारच की. सुटलो असं वाटलं.

सकाळी आम्ही सगळे खोलीत जमलो. तो, त्याची बायको, मी. आत्याही आली होती, कुणाशी बोलत नव्हती. प्लंबरने गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह सोडला. पाईपातून पाणी येतानाची थरथर भिंतीला हात लावला तर कळत होती. ते नळापर्यंत आलं.

आणि थांबलं.

नळ बंद होता.

चष्मेवाल्याने फिरवून पाहिला. हलेना. मी पाहिला. प्लंबर खाली आला, हसला, म्हणाला, कुणी गंमत केली? मग त्याने पाना लावला. दोन्ही हातांनी जोर केला, पाय भिंतीला रोवून. मानेच्या शिरा फुगल्या. नळ तसूभर सरकला नाही. त्याने पाना काढला, नळाकडे बघत राहिला, आणि हळूच म्हणाला, “हा हाताने बंद केलेला आहे. पान्याचा ओरखडा नाही कुठे.”

आत्या पुढे झाली. नळावर नुसता तळवा ठेवला, फिरवायचा प्रयत्नही केला नाही.

प्लंबर म्हणाला, कापून काढतो, दुसरा बसवतो, दहा मिनिटांचं काम.

चष्मेवाला म्हणाला, “राहू दे. आता खरंच काकांनाच नकोय.”

पाच वर्षं झाली. मी मागच्याच महिन्यात जाऊन आलो. लाइन भरलेली आहे, भिंतीला कान लावला तर पाणी ऐकू येतं. नळ तसाच बंद आहे. खाली हात धरला, बराच वेळ धरला.

थेंब नाही.