निळी ओळ

दुपारची जेवणं आटोपून ऑफिस सुस्तावलं होतं. संपादिका मात्र आपल्या काचेच्या केबिनमध्ये सुरक्षा-पुस्तिकेच्या एकाच पानाशी झटत बसली होती.

काम तसं किरकोळ. सर्व्हर रूममधल्या अपघाताच्या वेळी संगणकाच्या काळ्या पडद्यावर जे उमटलं, ते जसंच्या तसं छापायचं होतं. माणसाने टाइप केलेली कमांड निळी, यंत्राचं उत्तर राखाडी. रंग देणारा प्रोग्रॅम ते आपोआप करायचा. एका ओळीपाशी मात्र तो हट्टाला पेटला होता.

'गॅस सुरू, दार बंद.'

चौकशीप्रमाणे ही ओळ यंत्राची होती, तरी तो ती निळीच करी.

त्याच गॅसने नाना गेले होते. आग विझवण्यासाठी हवा हटवणारा तो गॅस, आणि आत पंख्यांवरची धूळ पुसत बसलेले नाना. सर्व्हर रूमचे जुने तंत्रज्ञ ते. संपादिकेला 'पोरी' म्हणायचे. यंत्र आपणहून बिघडलं आणि देखभाल नानांचीच होती, असं साहेबांनी चौकशीत सांगितलं. मेलेल्या माणसावर खापर फोडलं की तो उलटून बोलत नाही.

"अजून निळीच?" साहेब मागे येऊन उभे राहिले.

"मी हाताने राखाडी करतेय सर. फाइल परत उघडली की... निळी."

"निळी म्हणजे ते कुणीतरी टाइप केलं असा अर्थ होतो. कळतंय ना?"

"हो." ती खुर्चीतून मागे वळली. "सर, त्या दिवशी कंट्रोलच्या संगणकावर कोण बसलं होतं?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "ऊठ. मी करतो. तू बाहेर थांब."

ती काचेच्या दारातून बाहेर आली. साहेबांनी ओळ निवडली, राखाडी केली. ती पुन्हा निळी झाली. त्यांनी ओळच खोडून टाकली.

मग कीबोर्डवरचे हात त्यांनी झटक्यात मागे घेतले. पडद्यावर अक्षरं उमटतच होती. निळी. सावकाश, एका बोटाने टाइप केल्यासारखी.

गॅस सुरू...

तिच्यासमोर दाराचं कुलूप खट्कन लागलं.

साहेब दारावर धडका देऊ लागले. तोंड उघडं, पण आवाज नाही. काचेला तिने हात लावला, तर ती बर्फासारखी गार. दाराच्या फटीतून धुळीचा आणि तापलेल्या तारांचा वास आला. सर्व्हर रूमचा वास.

"दार तोडा!" ती ओरडली. "कुणीतरी या रे!"

पहारेकऱ्याने काच फोडली तोवर साहेब संपले होते. श्वास कोंडून गेले, असं डॉक्टर म्हणाले. त्या खोलीत गॅसची नळीच नव्हती.

लोक साहेबांना उचलून घेऊन गेले. संपादिका आपल्या जागेशी आली. खोडलेली ओळ पानावर परत आली होती. निळी. त्या ओळीपुढे साहेबांचं नाव. हिशोब चुकता झाला, असं वाटून तिने डोळे मिटले.

उघडले, तर खाली नवी ओळ उमटत होती.

'पोरी, राखाडी कोण करत होतं?'

तिने भिंतीतली वायर ओढून काढली. पडदा विझला, पंखा थांबला. निळी अक्षरं मात्र काळ्या काचेवर तशीच होती... आणि पुढचं अक्षर उमटत होतं.