शहादेवचा साबण

चूक सुंदररावाची आहे. तो माझा सख्खा चुलता, गावचा माजी सरपंच, आणि त्याला अजून सगळे वाकून रामराम घालतात. म्हणून नाव आधीच घेऊन टाकतो. नाहीतर पुढं ऐकता ऐकता तुम्ही खापर दुसऱ्याच कुणावर फोडाल. गावानं तेच केलंय.

काम साधं होतं. युसूफ वडगाव या आमच्या गावी, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात एक जुनी जीप उभी होती. तिची पेट्रोलची टाकी गळकी. त्या जीपला टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, म्हणजे माणूस पेट्रोलवर बसूनच गाडी हाकतो. सुंदररावाला आता जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं. पांढऱ्या मोठ्या गाड्या आता कुणाकडंही असतात. तेव्हा दसऱ्याला जुन्या जीपमधून मिरवायचं, 'जुना कार्यकर्ता' म्हणून फोटो टाकायचे, असं त्याच्या डोक्यात बसलं.

"दसऱ्याला जीप दारात उभी कर, युवराज," तो म्हणाला. "फाट्यावरचा गाळा तुझा. टाक तुझं गॅरेज."

डिप्लोमा अर्ध्यात सोडून मी घरी बसलो होतो. रोज जेवताना कुणी ना कुणी वडीलधारा मला आयुष्य शिकवायचा. गाळा मिळाला असता तर मी त्या ताटावरून कायमचा उठलो असतो. मला दुसरं काही नको होतं.

शेडाचं कुलूप काढलं तेव्हा भर दुपार होती. शेजारच्या वावरात सोयाबीनचं मळणीयंत्र धडधडत होतं. मी आत पाय टाकला आणि तो आवाज कुणीतरी कापडात गुंडाळल्यासारखा दबला. आत वटवाघळांचा उग्र वास. आणि हळू, अगदी हळू, टप्... टप्... असं काहीतरी. टाकीचं झाकण काढून आत काडी घातली. काडी कोरडी वर आली. आत नुसता गंज.

सीट उचलली. टाकीच्या जोडावर लाल साबण थापलेला होता.

यात नवल नाही. टाकी गळायला लागली की आपल्याकडं आधी साबणच लावतात, गॅरेजला नंतर जातात. पण जुना साबण वाळतो, तडकतो. हा ओला होता. बोट लावलं तर लोण्यासारखा दबला. वर अंगठ्याचा ठसा, ताजा.

या जीपवर शहादेव ड्रायव्हर होता. मी लहान असताना, निवडणुकीच्या धावपळीत, धर्मापुरीच्या रस्त्यावर सीटखाली आग लागली आणि तो कमरेपासून खाली जळाला. दवाखान्यातच गेला. माती टाकून लोकांनी जीप वाचवली. 'बिडी ओढत होता,' असं सुंदररावानं गावाला सांगितलं. शहादेवला दमा होता. चुलीचा धूर त्याला सोसत नव्हता. हे गावाला माहीत होतं, तरी गावानं मान डोलावली.

मी साबण खरवडला, टाकी सोडवली आणि केजला नवनाथ वेल्डरकडं नेली. तो टाकी पाण्यानं भरल्याशिवाय तिच्याजवळ ज्योत आणत नाही. पाणी भरलं तर पत्राच भुसभुशीत होऊन हातात आला.

"ही मेली बे," नवनाथ म्हणाला. "नवीच बनवू."

नवी टाकी आम्ही पाणी भरून टांगून ठेवली. थेंब गळला नाही. मी ती बसवली, पेट्रोल ओतलं, शेडाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी सीट उचलली.

नव्या जोडावर लाल साबण. ओला. ठशासकट.

मी बाहेर येऊन उंबऱ्यावर बसलो. शहादेवची बायको दगडाबाई आमच्याच वावरात मजुरीला असते. ती सावलीला भाकरी सोडून बसली होती. माझ्या बोटांना लागलेल्या लाल साबणाकडं बघून म्हणाली,

"अजून लावतोच का त्यो?"

"कोण, मावशी?"

"दुसरं कोन?" तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "टाकी बदला म्हनून लई मागं लागलता मालकाच्या. मालक म्हनले, निवडणूक होऊ दे, तवर साबण लाव. लावत गेला बिचारा. आता निवडणूक झाली, हे त्याला कुनी सांगितलंच न्हाई."

"मग तुम्ही सांगा की."

"माजं कुठं ऐकतोय. हुकूम मालकाचा हाय. त्यांनीच सोडवावं."

मी तसाच सुंदररावाकडं गेलो. तो ओट्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता.

"आप्पा, एकदा शेडात चला. नुसतं एवढं म्हणा, शहादेव, निवडणूक झाली."

त्यानं मान वर केली नाही. "साबण लाव असं मी कुनालाबी म्हनलो न्हाई."

मी साबणाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"आप्पा..."

"गाळा पाहिजे ना तुला? मग दगडीचं ऐकत बसू नको. म्हातारी येडी हाय."

गाळा पाहिजे होता. म्हणून दसऱ्याला मीच जीप दारात आणली. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, कार्यकर्ते मोबाईल उगारून उभे. सुंदररावानं मला खाली उतरू दिलं नाही. पूजा झाली की तो शेजारी बसणार आणि मी गाडी हाकणार. सुंदररावाची बायको, वत्सलाकाकू, कापूर पेटवलेलं ताट घेऊन जीपभोवती फिरू लागल्या.

तेवढ्यात माझ्या मांड्या गार पडल्या. पँट भिजली होती. पेट्रोलचा वास आला, आणि त्याच्याखाली दुसरा एक... अंघोळ करून आलेल्या माणसाचा.

"आप्पा, सीट ओली झालीय. काकूंना थांबवा."

कॅमेऱ्याकडं बघत, दात दाखवत, ओठ न हलवता तो म्हणाला, "आरं, दसरा होऊ दे. तवर साबण लाव."

माझ्या कानाशी कुणीतरी धाप लागल्या आवाजात म्हणालं, "व्हय, मालक..."

सीटखालून एक अंगठा वर दाबला गेला. मला तो गादीतून लागला. मी उठायला गेलो. काकूंचं ताट माझ्या बाजूला आलं होतं.

बीडच्या दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा पोलिसांनी जबाब घेऊन झाले होते. सुंदररावानं सांगितलं, पोरगं सिगारेट ओढत होतं. ओट्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. मोबाईलमध्ये सगळं दिसतंय म्हणावं, तर ते व्हिडिओ कुणाकडंच उरले नाहीत.

जखम बरेच दिवस गळत राहिली. एका सकाळी पट्टी बदलायला आलेली नर्स माझ्यावरच खेकसली.

"ड्रेसिंगवर साबण कोण लावतंय? नातेवाईकांना सांगा, असलं गावठी काही करू नका म्हणून."

माझ्याकडं कुणी नातेवाईक येत नव्हते. तिनं पट्टी ट्रेमध्ये टाकली. कापडावर लाल साबण होता. वर अंगठ्याचा ठसा.

गाळा सुंदररावानं दुसऱ्याला दिला. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही.