पट्टी उचलू नका

त्या दिवशी ड्रेसिंगची पाळी माझी नव्हतीच. नर्मदाबाई सिस्टर लग्नाला गेल्या म्हणून जळगावात, पिंप्राळ्याच्या दवाखान्यात, त्यांच्या खोलीत मी बसले... आणि तो आत आला.

रतिलाल. जवळच्या असोदा गावचा, सत्तावीस वर्षांचा. केळीच्या बागेत दोनदा चक्कर येऊन पडला, म्हणून मुंबईला नेऊन त्याच्या गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला होता. त्याची तार थेट हृदयात गेलेली. टाके निघाले होते, पण एका कोपऱ्यात जखम अजून ओली होती.

मी पट्टी काढली. आत पिवळंजर्द!

"हे काय?"

"हळद," तो खाली बघत म्हणाला. "आईनं लावली."

"आणि हे चिकट?"

"तूप... तेबी आईनंच."

"जखम बरी करायचीय की फोडणी द्यायचीय?"

तो हसला. मला राग आला. आणि हसताना तो इतका छान दिसतो, याचा तर जास्तच राग आला.

"साबणानं धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. पाणी नाही, हळद नाही, पट्टी उचलून बघणं नाही. समजलं?"

"समजलं, सिस्टर."

काही समजलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पट्टी मळलेली, पाचव्या दिवशी जखमेच्या कडा लाल. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पू यंत्रापर्यंत गेला तर सगळं काढावं लागेल, कौसल्या. पुन्हा मुंबई. तोवर त्याचं हृदय टिकेल की नाही..."

मी जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि असोद्याची बस धरली.

ओट्यावर रतिलाल शर्ट उघडा टाकून बसला होता. भोवती दहा-बारा माणसं. एकानं पट्टी उचलून धरलेली, आणि शेजारचे झिपरूआबा चक्क तिथं कान लावून बसलेले!

"आबा, उठा आधी!"

"अवं बाई, मशीन टिकटिक करतं का, ते पाहून राह्यलो."

"ते टिकटिक करत नाही! पण तुमचे गोठ्यातले हात लागून याचा जीव मात्र जाईल!"

ओटा क्षणात रिकामा झाला. हळदीचा डबा घेऊन बाहेर येणारी त्याची आई, द्रौपदाबाई, दारातूनच माघारी फिरली.

"नाही म्हणता येत नाही तुम्हाला?" मी त्याच्यावर ओरडले.

तो शर्टाची बटणं लावू लागला.

"पहिले मी चक्कर येऊन पडायचो ना... तं लोक दूर सरकायचे. बाहेरचं हाये म्हणायचे. दोन ठिकाणी जमलेलं लगीन मोडलं. आता जवळ येऊन राह्यले, तं कसं हाकलू?"

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी आणखी जोरात ओरडले.

पुढचे तीन आठवडे तो रोज दवाखान्यात माझ्याकडेच पट्टी करायला आला. धुतलेला सदरा, कापलेली नखं.

"श्वास रोखू नका."

"तुम्ही जवळ आल्या का आपोआप रुकतो."

"सोडा म्हणते ना!" माझेच कान तापले होते.

एकदाची जखम भरली. कोरडी, स्वच्छ. त्याच आठवड्यात मला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. आता तरी तो काही बोलेल... म्हणून मी उगाचच कापसाच्या घड्या घालत राहिले.

"अभिनंदन," तो म्हणाला. आणि गेला!

अभिनंदन? धुळ्याच्या बसमध्ये मी वाटभर चडफडत होते.

महिन्यानं धुळ्याच्या बाह्यरुग्ण विभागात मान वर केली, तर बायकांच्या रांगेत तो उभा.

"काय होतंय?" मी खुर्चीतून उठलेच.

"जखम दाखवायची होती."

मी पाहिलं. बारीकशी रेघ, बस्स. "उत्तम आहे! यासाठी तीन तास बसमध्ये? जळगावात नवीन सिस्टर आल्यात ना?"

"त्या रागावत नाहीत."

रांगेतल्या बायका खुदखुदल्या. माझा संयम सुटला.

"रतिलाल, माझे वडील रविवारी घरी असतात. आता तेही मीच सांगायचं का?"

"मागल्या रविवारी जाऊन आलो. आईले घेऊन."

"काय?"

"ते म्हणले, पोरगी रागीट हाये. आमचं काही म्हणणं नाही, तिलेच विचारा." त्यानं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "म्हणून... विचारून राह्यलो."

"महिनाभर एक अक्षर नाही, आणि आता इथं, या रांगेत विचारताय?"

"हो."

"मग माझंही हो!" मी ओरडले. अख्खी रांग वळून पाहू लागली.