उंबरे काढल्यावर

आमचं घर भाट्याच्या पुलाअलीकडे. चिऱ्याचं, तीन खोल्यांचं. ओटी, माजघर आणि मागची खोली, एकीमागे एक सरळ रेषेत. मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. निवृत्त झाले तरी दुपारी शेजारची मुलं ओटीवर पाढे म्हणायला येतात.

ह्यांची दृष्टी काचबिंदूने गेली, त्याला बरीच वर्षं झाली. पण घरात कुणाचा हात धरावा लागला नाही. काठी एका उंबऱ्याला लागली की माजघर, दुसऱ्याला लागली की मागची खोली. चहा घेताना बशी आधी बोटांनी चाचपायची, कडेवर बोट ठेवायचं, मगच कप खाली. सगळं असं शिस्तीत.

यंदा गणपतीनंतर मात्र ते माजघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पडले तर उठणं कठीण. नीरजा, आमची मुलगी, ठाण्याहून धावत आली आणि तिनेच ठरवलं: निसरड्या लाद्यांवर बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या, उंबरे काढायचे, तिन्ही खोल्यांतून जमीन सलग न्यायची.

महिपत सुताराने पट्ट्या आठवडाभर खोल्यांतच पसरून ठेवल्या. "हितली खारी हवा खाऊंदे, बाई. नायतर मागाहून फुगतील." मग दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकच सूत धरलं. लाद्यांवर आधी लाकडी रिपा, रिपांवर पट्ट्या. खिळा कडेतून तिरका, डोकं दिसणार नाही असा. उंबरे उपटून विहिरीपाशी टेकवले.

"दारातून गोटी सोडा, बाई. सरळ मागल्या भिंतीला जाऊन आपटेल."

"आपटेल कशाला? सपाट जमिनीवर गोटी थांबते, महिपत."

"तुम्ही काय सोडनार नाय मास्तरीनपना!"

दुसऱ्या दिवशी हे एकटे चालले. खालच्या पोकळीमुळे काठीचा आवाज घुमत होता. ठक, ठक. माजघर गेलं, मागची खोली गेली. आता भिंत लागेल म्हणून मी कान दिला. आवाज पुढे चालला होता.

मी हाक मारली. बऱ्याच वेळाने ते परत आले.

"कुठे होतात?"

"मागच्या खोलीत. मग तिच्या पुढच्या."

"पुढची कुठली?"

"उंबरा लागला नाही, म्हणून चालत राहिलो."

मी घरामागे जाऊन पाहिलं. भिंत, धुण्याचा दगड, मग आवाराचा दगडी गडगा, आणि पलीकडे माड. आवाज पोकळीत घुमतो, असं मी स्वतःला समजावलं. मुलांना समजावते तसं, सावकाश.

दुपारी पाढ्यांना आलेल्या वेदिकाने दप्तरातून गोटी काढली; महिपतचं बोलणं तिने ऐकलं होतं. "बाई, महिपतकाकांची परीक्षा घेऊया?"

तिने दारातून गोटी जोरात सोडली. पोरं जमिनीला कान लावून आडवी झाली. गोटी घरंगळत राहिली. आवाज बारीक होत गेला, पण गोटी आपटली नाही आणि थांबलीही नाही.

"बाई, अजून चाललीय," वेदिका म्हणाली.

भिंतीपाशी पट्ट्यांना फुगायला बोटभर फट ठेवलेली असते, तिच्यात अडकली असेल, असं मी सांगितलं. सगळ्यांनी फट धुंडाळली. गोटी नव्हती. त्या दिवशी मी पाढे लवकर आटोपले.

हे रोज चालायला लागले. पडत नव्हते, खुशीत होते. मीच हातातलं काम टाकून काठी ऐकत बसायचे.

एका सकाळी काठीचं टोक पुसायला घेतलं, तर त्याला ओलं शेण. आमच्या घरात सारवण होऊन किती काळ लोटला.

"तिकडची जमीन सारवलेली आहे," हे म्हणाले. "पायाला गार लागते. आणि तिथे कुणीतरी असतं गं. माझ्यासारखीच काठी. मी चाललो की चालतं, थांबलो की थांबतं."

"अहो, तुमचाच आवाज असेल तो."

"माझा आवाज मला कळत नाही होय? आज जरा जवळ येऊ देतो. विचारतो, कुठला म्हणून."

मी महिपतला फोन केला. दोन्ही उंबरे परत बसव म्हटलं, आत्ताच्या आत्ता.

"आणि पडले म्हंजे?"

"पडले तर माझ्या हाकेच्या अंतरावर पडतील."

महिपत येईपर्यंत ह्यांना ओटीवरून हलू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. पण मी विहिरीवर गेले तेवढ्यात ते उठले. परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि काठी कुठेतरी खूप लांब वाजत होती.

मी ओरडून हाका मारल्या.

शेवटी ते मागच्या खोलीतून बाहेर आले. मी हात धरून त्यांना ओटीवर आणून बसवलं. हात गार होता.

महिपतने पट्ट्या कापून मागच्या खोलीचा उंबरा आधी ठोकला, मग माजघराचा. प्रत्येक घावाबरोबर मला बरं वाटत गेलं. तो गेल्यावर मी चहा केला. ह्यांच्या हातात कप दिला, बशी तिपाईवर ठेवली आणि शेजारी टेकले.

तेव्हा आतून काठी वाजली.

ठक, ठक. मागच्या खोलीत आली. नव्या उंबऱ्याला लागली आणि थांबली.

"कुसुम," आतून ह्यांचा आवाज आला, दमलेला. "हा उंबरा आपला, की इकडचा?"

मी बोलायला तोंड उघडलं.

शेजारच्या खुर्चीतून हात पुढे झाला आणि त्याने कप खाली ठेवला. न चाचपता, बशीच्या बरोबर मधोमध.