सहा मीटर चाळीस

हे खरं घडलंय. ज्यांना गोष्ट म्हणून वाचायचंय त्यांनी खुशाल वाचा, मी भांडायला येणार नाही. पोलिसांशी भांडून झालंय, सासरच्यांशी भांडून झालंय. आता ताकद नाही.

तारीख तेरा फेब्रुवारी २०२२. रविवार. वेळ दुपारी साडेतीनची. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. लख्ख ऊन होतं.

ठिकाण बदलापूरजवळ, सोनिवलीच्या पुढे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

मी प्रीती. माझा नवरा महेंद्र एका खासगी ऑफिसात ड्राफ्ट्समन होता आणि सुट्टीच्या दिवशी ठार वेडा. जुन्या विहिरी, वीरगळ, पडकी देवळं मोजायची, नकाशे काढायचे, अर्ज करायचे. फुकट! आमची पाच-सहा जणांची मंडळी होती. मी त्यात कशी आले? लग्न केलं म्हणून आले. दुसरं काय!

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली देव सोडले, त्यांच्याबरोबर भुतंही गेली. घरात अंगारा नाही, नवस नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून तुम्ही म्हणाल, बाई मुळातच तसली असेल.

नव्हते.

ही विहीर महेंद्रच्या पणजीच्या गावची. दगडी, पायऱ्यांची. त्या विहिरीवर पणजीला पाय ठेवू देत नव्हते. वरून कुणी ओंजळीत पाणी ओतेल तेवढंच.

मी त्याला म्हटलं होतं, "जिथं आपल्या माणसांना शिवू दिलं नाही ती विहीर आपणच वाचवायची? डोकं फिरलंय का तुझं?"

तो म्हणाला, "म्हणूनच वाचवायची. विहीर बुजली की ते म्हणणार, असं काही नव्हतंच."

सोमवारी सकाळी बिल्डर विहीर बुजवणार होता. त्याआधी पक्का नकाशा जोडून अर्ज द्यायचा, म्हणजे काम थांबलं असतं. हातात एकच रविवार होता. आलो तिघंच. मी, महेंद्र आणि रिटायर झालेले आमचे सुदामकाका.

सगळं मोजून झालं. एकच राहिलं.

तळाशी, पाण्याच्या वर, भिंतीत एक चौकोनी तोंड होतं. रांगत जाता येईल एवढं. आत कोरडं भुयार...

आता मोजायची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेपचं शून्याचं टोक घेऊन एक जण आत जातो. टोक भिंतीला लावून ओरडतो, "झिरो!" बाहेरचा माणूस आकडा वाचतो, लिहितो, मग ओरडतो, "सोड!" ते ऐकल्याशिवाय आतल्यानं टोक सोडायचं नाही. हा महेंद्रचा नियम. एकदा अंबरनाथला मी फोनवर बोलत बसले, तर हा पठ्ठ्या वीस मिनिटं उन्हात टोक धरून उभा!

महेंद्र टॉर्च घेऊन आत शिरला. टेप सरकत गेला. थांबला.

"झिरो धरला! बोल!"

मी वाचलं. सहा मीटर चाळीस. वहीत लिहिलं.

तेवढ्यात वरून सुदामकाका ओरडले, "प्रीती, लवकर ये! जेसीबी आलाय!"

एक दिवस आधी. डोक्यात सणक गेली माझ्या. टेपवर दगड ठेवला आणि पायऱ्या चढत सुटले.

"सोड" म्हणाले नाही.

एक शब्द हो. एवढा एकच शब्द राहिला.

वर दहा मिनिटं वाद. जेसीबीवाला साधा माणूस होता. शेवटी म्हणाला, "ठीक है मॅडम, छह बजे तक रुकता हूँ." शेजारच्या शेतातल्या इंदुबाई तिथंच उभ्या होत्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी मला विचारलं, "बाय, तुजा मानूस कं गेला?"

"आत, भुयारात."

त्यांचा चेहराच उतरला. "त्या भोकात? आमची सासू तिकडं भांडा पन नाय ठेवाची. काड त्याला भायेर."

मी खाली धावले.

दगड बाजूला पडला होता.

टेप ताणलेला होता... आणि आकडा होता नऊ मीटर पंधरा.

"महेंद्र, पुढे कशाला गेलास? सोड! बाहेर ये!"

मी टेपला दोन झटके दिले.

मग आतून आवाज आला. "झिरो..."

"अरे सोड म्हणतेय ना!"

"झिरो..."

आवाज त्याचाच. पण तो नेहमी म्हणायचा, "झिरो धरला, बोल." पुढचं म्हणालाच नाही. आणि टेप माझ्या बोटांतून हळूहळू आत जात होता.

अकरा. बारा.

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि आत शिरले. एक हात टेपवर. गुडघे सोलवटले, पण तेव्हा कळलं नाही. पुढे उजेड दिसला. म्हटलं, सापडला.

महेंद्रचा टॉर्च जमिनीवर पडला होता. चालू. त्याच्यापुढे, सहा मीटर चाळीसवरच, भिंत होती. घडवलेल्या दगडांची, बंद.

महेंद्र नव्हता.

भुयाराला वळण नव्हतं, फाटा नव्हता, खड्डा नव्हता. मी चारी बाजूंनी हात फिरवला. आणि टेप... टेप दोन दगडांच्या सांध्यात जात होता. त्या सांध्यात माझं नख जाईना.

मी भिंतीला कान लावला.

अगदी कानाशी, दगडाच्या पलीकडून...

"झिरो..."

मी किती ओरडले मला आठवत नाही. सुदामकाका आत आले. दोघांनी मिळून टेप ओढला. तो इंचभर मागे येई आणि हातभर पुढे जाई. बावीस. चोवीस. तीस मीटरचा टेप. संपला की माझ्या हातात काय उरणार होतं?

मी तो मनगटाला गुंडाळला. मांसात रुतला. वळ अजून आहे.

काका रडायला लागले होते. मी म्हटलं, "काका, जेसीबीवाल्याला सांगा फोडायला."

"अगं, विहीर..."

"खड्ड्यात गेली विहीर! फोडा! सगळं फोडा!"

दोन वर्षं त्या विहिरीसाठी चपला झिजवल्या होत्या. तिच्या एकेका दगडाला आम्ही नंबर दिला होता. आणि मीच गळा काढून सांगत होते, फोडा.

भुयार शेताच्या खालून जात होतं, म्हणून जेसीबीनं वरून खणायला घेतलं. काका वर गेले. मी तोंडाशी बसले, टेप मनगटाला. आत सारखी ओरडत होते, "महेंद्र, सोडू नकोस! धरून ठेव! आम्ही येतोय!"

"झिरो..." लांबून. खूप लांबून.

इंदुबाई नारळ घेऊन खाली आल्या. माझ्यापुढे धरला. मी, छप्पन सालच्या घरातली मुलगी, तो नारळ घेतला आणि त्या तोंडाशी फोडला. पदर पसरला. म्हटलं, जे कोण असशील ते, पाया पडते, माझा माणूस दे. लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पावणेसहाला जेसीबीचं बकेट भिंतीवर आदळलं.

त्याच क्षणी टेप सैल पडला.

मी भराभर ओढला. हलका येत होता. शेवटी टोकाची लोखंडी कडी हातात आली...

गरम होती. कुणीतरी इतका वेळ मुठीत घट्ट धरून आत्ताच सोडल्यासारखी.

भिंतीमागे काही नव्हतं. मुरूम. घट्ट, कधी कुणी हात न लावलेला मुरूम. जेसीबीवाल्यानं अंधार पडला तरी दिवे लावून खणलं. पंधरा फूट, वीस फूट. बिचारा हात जोडून म्हणाला, "मॅडम, इधर कभी कोई गया ही नहीं है."

मिसिंगची तक्रार झाली. कुणी म्हणालं पळून गेला, कुणी म्हणालं बाईचं लफडं. सुदामकाकांनी खरं सांगितलं तर त्यांनाच विचारलं, दारू घेऊन बसला होतात का? ते आता माझ्याशी बोलत नाहीत. माझी सासू, भागीरथीबाई, अजून रोज महेंद्रचंही ताट वाढते.

विहीर तर गेलीच. तिथं चार मजली बिल्डिंग उभी राहिली. तळमजल्यावर मी भाड्यानं राहते. लोकांना वाटतं, बाई वेडी झाली. होऊ दे.

पण एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ती सांगायलाच हे लिहायला बसले.

तो त्या भिंतीतून गेला होता. म्हणजे ती भिंत त्याच्यासाठी बंद नव्हती. भिंत होती तोवर टेप ताणलेला होता. भिंत होती तोवर तो मला ओ देत होता.

आणि ती भिंत मी फोडायला लावली.

आता तो परत येणार कुठून?

बदलापूर, वांगणी, अंबरनाथ, कुठेही. तुमच्या गावात अशी जुनी पायऱ्यांची विहीर असेल, तळाशी रांगत जाण्याएवढं तोंड असेल, आत बंद भिंत असेल, तर मला कळवा. पाया पडते, बुजवू देऊ नका, दगड हलवू देऊ नका.

मी एकटीच येईन. बाहेर थांबायला कुणी नको.